गणतीतून सुटलेल्या माता : नांदेड-लातूरची दप्तरे आणि मातृबाल आरोग्य

लोकसंख्येच्या आकड्यांचा मातृबाल आरोग्याच्या कामी उपयोग कसा करावा, हा प्रश्न वरकरणी संख्याशास्त्रज्ञांचा वाटतो. परंतु नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तो उपस्थित केला, की तो तत्काळ उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा, आशाताईंचा, ग्रामसेवकाचा आणि अखेरीस त्या त्या गावच्या गरोदर स्त्रीचा प्रश्न होऊन बसतो. आकड्यांचा तुटवडा या मुलखात नाही. एकाच बालकाचा जन्म ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात, आशाच्या वहीत, उपकेंद्राच्या नोंदवहीत आणि अंगणवाडीच्या दप्तरात असा चार ठिकाणी लिहिला जातो, आणि तेथून चार निरनिराळ्या खात्यांच्या वाटांनी जिल्ह्याला, पुण्या-मुंबईला व दिल्लीला रवाना होतो. परंतु या चारही ठिकाणांतून कोणते बालक सुटले, हे सांगणारे दप्तर मात्र कोणत्याही कचेरीत सापडत नाही. लोकसंख्येचा आकडा हाताशी असला म्हणजे किती माता व बालके नोंदीत यावयास हवी होती हे कळते, आणि त्यावरूनच किती राहून गेली याचा उलगडा होतो; आरोग्यसेवेला या आकड्याचा याहून मोठा उपयोग नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

या विचाराला जुना आधार आहे. स्वीडनमध्ये १७४९ साली चर्चच्या नोंदींवरून जन्ममृत्यूंचे राष्ट्रव्यापी तक्ते करण्यास प्रारंभ झाला, आणि दोनच वर्षांनी, १७५१ साली, तेथील आरोग्य आयोगाने त्यांच्या आधारे असा निष्कर्ष मांडला, की बाळंतपणात दगावलेल्या ६५१ स्त्रियांपैकी किमान ४०० स्त्रिया पुरेशा सुइणी असत्या तर वाचल्या असत्या. सुइणींच्या शिक्षणाचे पुढचे धोरण या निष्कर्षाने बळावले. मृत्यूंची संख्या सांगून तो आयोग थांबला नाही. त्यांतले टाळता येण्याजोगे किती, हे त्याने सांगितले, आणि त्यामुळेच तो आकडा राज्यकर्त्यांना बांधून ठेवणारा ठरला.

आपल्याकडे गणतीची परंपरा कमी जुनी नाही, पण तिचा हेतू बहुधा निराळा राहिला. घरांची आणि माणसांची खानेसुमारी पूर्वीच्या अमलात मुख्यतः सारा, पट्टी आणि बंदोबस्त यांसाठी होत असे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात पहिली शिरगणती १८८१ साली झाली. त्या काळी नांदेड हा स्वतंत्र जिल्हा होता. लातूर हा जिल्हाच नव्हता. त्याचा काही भाग उस्मानाबादेत मोडत असे, तर उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत इकडे आले. त्याच वेळी आदिलाबादेतून किनवट नांदेडला जोडले गेले. आणि लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला तो १९८२ साली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या लातूरची आजच्या लातूरशी तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाला आधी तालुक्यांची फेरमांडणी करावी लागते. गावपातळीवर जन्ममृत्यूंची नोंद कोतवालाच्या बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, होत असे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा ही बुके मराठवाड्याच्या तहसिलींतून बाहेर निघाली आणि त्यांची पाने मोठ्या आस्थेने उलटली गेली. परंतु त्याच पानांवर लिहिलेले तान्ह्या मुलांचे आणि बाळंतिणींचे मृत्यू कोणी मोजावयास बसल्याचे दिसले नाही. दप्तर तेच असते. त्याला विचारलेल्या प्रश्नाप्रमाणे त्याचे उत्तर बदलते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने या देशात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता दगावतात असा अंदाज दिला होता. आज हाच दर हजाराऐवजी लाखावर मोजला जातो, यावरून झालेल्या प्रगतीची कल्पना येईल. नमुना नोंदणी पद्धतीच्या पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या; २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्राचा हाच आकडा १४९ होता. राज्याचा अर्भकमृत्युदर २०२० साली हजारी १६ होता, आणि त्यातले ११ मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले होते. ही कमाई मोठी आहे. परंतु राज्याची सरासरी ही राज्याची असते. ती किनवटच्या कोलाम आदिवासींच्या पोडाची नसते, मुखेडच्या तांड्याची नसते, किंवा लातूर शहराच्या नव्या वसाहतीची नसते.

जिल्ह्याच्या हाताशी असलेली साधने थोडक्यात पाहू. पहिले साधन दशवार्षिक जनगणना. २०११ साली नांदेडची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६ भरली. त्याच जनगणनेने शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४ आणि शेजारच्या बीडमध्ये अवघी ८०७ असल्याचे दाखवले, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची अंमलबजावणी मराठवाड्यात काही काळ तरी कडक झाली. जनगणनेच्या आकड्याने कारभार हालतो याचे हे ठळक उदाहरण होय. परंतु २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि आता १ मार्च २०२७ ही नवी संदर्भतिथी जाहीर झाली आहे. तोवर गाव, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांची सारी आखणी दीड दशकापूर्वीच्या आकड्यावर चालते.

दुसरे साधन जन्ममृत्यूंची नागरी नोंदणी. १९६९ च्या कायद्याने ती अनिवार्य आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने जन्मदाखल्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. तिसरे साधन वर उल्लेखिलेली नमुना नोंदणी पद्धती. तीत देशभरातील सुमारे ८,८०० नमुना घटकांत गणकाची अखंड नोंद आणि पर्यवेक्षकाची सहामाही पाहणी एकमेकांशी ताडून पाहिली जातात. तिचे आकडे विश्वासार्ह असतात, पण ते राज्यापाशी थांबतात. जिल्ह्याला त्यातून काही मिळत नाही. चौथे साधन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. २०१५-१६ पासून ते जिल्हावार आकडे देते. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्याचे, ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुजी राहिल्याचे त्यात आढळले. तथापि एका जिल्ह्यात सुमारे नऊशे कुटुंबे पाहून बालमृत्युदर सांगता येत नाही, आणि सर्वेक्षण तसा दावाही करीत नाही. पाचवे साधन सेवेच्या नोंदींचे : आशाची वही, उपकेंद्राचे रजिस्टर, २००८ पासूनची आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, माता-बालकांचे पोर्टल, आणि २०२१ पासूनचा अंगणवाडीचा पोषण ट्रॅकर. ही नोंद रोजची आहे, नावानिशी आहे, आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचणारी आहे. परंतु जी स्त्री सेवेपर्यंत आलीच नाही, ती या नोंदीतही येत नाही.

येथे छेदाचा, म्हणजे ज्या संख्येने भागून दर काढावयाचा तिचा, प्रश्न उभा राहतो. उपकेंद्राच्या हद्दीत पाच हजार वस्ती असेल आणि जन्मदर राज्याच्या २०२० च्या मानाने हजारी १५ धरला, तर वर्षाला सुमारे ७५ जन्म अपेक्षित आहेत. गर्भपात इत्यादींसाठी दहा टक्के मिळवले, की ८२-८३ गरोदर स्त्रियांची नोंद व्हावयास हवी. आरोग्य खात्यात हा हिशेब प्रत्येक नर्सबाईंना तोंडपाठ असतो. परंतु तो बहुधा उद्दिष्ट म्हणून वरून येतो आणि टक्केवारी म्हणून परत वर जातो. नोंद ६० च झाली, तर उरलेल्या बावीस-तेवीस स्त्रिया कुठे आहेत, हा प्रश्न विचारण्याऐवजी, ‘काम ७३ टक्के’ असे लिहून ते प्रकरण मिटते. उलट नोंद ९५ झाली, तर काम शंभर टक्क्यांहून अधिक झाले म्हणून अभिनंदन होते. वस्ती वाढली आहे, किंवा एकच स्त्री दोन ठिकाणी लिहिली गेली आहे, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

या सुटण्याला मराठवाड्यात तीन ठरलेल्या वाटा आहेत. पहिली वाट माहेरची. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, आणि कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच होते. सासरच्या गावात तिची गरोदरपणाची तपासणी लिहिलेली असते, माहेरच्या गावात बाळंतपण लिहिले जाते, आणि मधल्या काळात तिचा रक्तदाब वाढला असेल, तर तो कोणत्याही एका माणसाच्या डोळ्यांसमोर सलग येत नाही. दुसरी वाट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लातूर-नांदेडच्या डोंगराळ, कोरडवाहू गावांतून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर जातात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. पोटुशी बाई टोळीबरोबर गेली, की ती गावच्या आशाच्या लेखी ‘स्थलांतरित’ होते आणि फडाजवळच्या उपकेंद्राच्या लेखी ‘बाहेरची’. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि तीत १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. इतक्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे दवाखान्यांच्या कागदांत विखुरलेल्या होत्या. ऊसतोड स्त्री हा छेद धरून मोजल्यावरच त्यांचे खरे रूप दिसले. तिसरी वाट सीमेची. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या स्त्रिया निजामाबादेकडे, आणि देवणी-उदगीरच्या बीदरकडे बाळंतपणासाठी जातात. नातेगोते आणि बाजार जसे सीमा मानीत नाहीत, तसे दवाखानेही मानीत नाहीत, पण दप्तरे मात्र राज्याच्या हद्दीवर थांबतात.

यांहून अधिक अवघड असे एक सुटणे आहे. ते जाणूनबुजून घडते. मराठवाड्यात बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचा वाटा राज्यात सुमारे २२ टक्के, तर नांदेडलगतच्या परभणीत तो ४८ टक्के आढळला. सोळा वर्षांची मुलगी गरोदर राहिली, तर वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष पुरवावयास हवे. परंतु कायद्याच्या दृष्टीने तिची खरी नोंद म्हणजे गुन्ह्याची खबर होय. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच जन्मनोंदणीचा निबंधक आणि हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. परिणामी वय एकोणीस लिहिले जाते, किंवा नाव लिहिलेच जात नाही. आणि ज्या वयात प्रसूतीचा धोका अधिक असतो, ते वय कागदावरून नाहीसे होते. कायदा सैल करावा असा याचा अर्थ नव्हे. औषधोपचारासाठी केलेली नोंद आणि फौजदारी खबर यांच्यात विश्वासाचा पडदा कसा राखावा, याचा निर्णय मात्र राज्याने केला पाहिजे. कारण भीतीपोटी लिहिलेला आकडा कोणत्याही संगणकाने शुद्ध होत नाही.

छेदाविना अंश किती दिशाभूल करतो, याचे दुःखद प्रत्यंतर नांदेडला ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. पुढच्या दिवसाअखेर मृतांची संख्या ३१ आणि बालकांची १६ वर गेली, आणि उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा आहे काय, मनुष्यबळ अपुरे आहे काय, यांवर तेव्हा जे वादंग झाले ते रास्तच होते. परंतु बचाव करणारे आणि टीका करणारे, दोघांच्याही हातांत एक गोष्ट नव्हती : ती अर्भके कोणत्या तालुक्यातून, जन्मानंतर किती तासांनी, किती वजनाची असताना आली, आणि त्या आठवड्यात तशीच किती अर्भके दाखल होऊन वाचली. हे रुग्णालय केवळ नांदेडचे नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळचा सीमाभाग आणि तेलंगणातील लगतची गावे यांचाही भार त्याच्यावर पडतो. हिशेबाने पाहिले, तर जन्मदर हजारी १५ आणि नवजात मृत्युदर हजारी ११ धरल्यास, २०११ च्या लोकसंख्येवरही, एकट्या नांदेड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ५५० नवजात मृत्यू संभवतात; म्हणजे दर दोन दिवसांना तीन. रुग्णालयातल्या त्या दिवसाची जबाबदारी या हिशेबाने कमी होत नाही. मात्र वर्षाचे बाकीचे दिवस जे मृत्यू निरनिराळ्या तालुक्यांत एकेकटे घडतात, ते बातमी होत नाहीत आणि चौकशीही होत नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते.

मातामृत्यूंच्या बाबतीत अडचण याच्या उलट आहे : तेथे संख्या फार लहान आहे. लातूर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३७,००० जन्म धरले, तर राज्याच्या २०१८-२० च्या दराने बारा माता दगावतील, नांदेडात सतरा. बाराचे एका वर्षी आठ आणि दुसऱ्या वर्षी सोळा होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. त्यावरून एका अधिकाऱ्याचा सत्कार आणि दुसऱ्याला कारणे दाखवा नोटीस, हा प्रकार शास्त्राला धरून नाही. अशा ठिकाणी दराचा नाद सोडून प्रत्येक मृत्यूची हकीकत विचारणे श्रेयस्कर. इंग्लंडमध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी चालत आली आहे, आणि भारतातही मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत २०१० पासून लागू आहे. निर्णय घ्यायला उशीर, वाहन मिळायला उशीर, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचाराला उशीर, या तीन विलंबांपैकी कोणता घडला, हे त्या बाराही घरी जाऊन कळते, आणि तेवढे कळले तरी पुढल्या वर्षीची तजवीज करता येते.

नोंद खरी करण्याचे प्रयत्न या मुलखाला अपरिचित नाहीत. २००२ च्या सुमारास औरंगाबादचे तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात सर्व बालकांचे वजन घेण्याची मोहीम हाती घेतली. तिचे मर्म असे होते, की कुपोषित बालक सापडले म्हणून सेविकेला दोष लागणार नाही. न सापडले तर मात्र विचारणा होईल. त्या अनुभवातून राज्याचे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली उभे राहिले. त्याच सुमारास, २००१ साली, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालात सरकारी दप्तरातील बालमृत्यूंचे आकडे वास्तवाहून कितीतरी कमी असल्याचे दाखवून दिले. गडचिरोलीत बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या जन्ममृत्यूंची आपली स्वतंत्र नोंद ठेवली होती, म्हणूनच घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग किती जीव वाचवतो हे तिला सप्रमाण सांगता आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्यांचे मूळ त्या प्रयोगात आहे. या सर्वांत समान सूत्र एकच : खरा आकडा सांगणाऱ्याला अभय, आणि त्या आकड्यावर तत्काळ कृती.

दोन स्वतंत्र याद्या ताडून, दोन्हींतून सुटलेल्यांचाही अंदाज बांधण्याची रीत सी. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली बंगालमधील सिंगूरच्या अनुभवावरून मांडली. ती तालुक्याच्या मासिक बैठकीत कागद-पेन्सिलीनेही वापरता येईल. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात ४० जन्म, आशाच्या वहीत ४५, आणि दोन्हींत समान ३६ असतील, तर चाळीस गुणिले पंचेचाळीस भागिले छत्तीस, म्हणजे खरे जन्म ५०. याद्यांत मिळून ४९ सापडतात, एक दोन्हींतून निसटला. अट एवढीच, की एक यादी दुसरीवरून उतरवून घेतलेली नसावी. दुर्दैवाने बैठकीपूर्वी वह्या ‘जुळवून’ घेण्याची जी सवय पडली आहे, ती नेमका हा पुरावा नष्ट करते. न जुळणारी वही हा कारभाराचा दोष मानला जातो, वास्तविक तीच शोधाची पहिली खूण असते.

आधुनिक साधनांबद्दल एवढेच म्हणता येईल, की त्यांनी आकड्यांच्या वर जाण्याचा वेग वाढवला आहे, परत येण्याचा नव्हे. आशा आणि सेविका तीच माहिती वहीत आणि मोबाइलवर अशी दोनदा भरतात. उपकेंद्राने पाठवलेला आकडा तक्त्यात मिसळून जातो, पण आपल्या हद्दीतल्या कोणत्या पाच स्त्रियांचे हिमोग्लोबिन सातपेक्षा खाली आहे आणि त्यांतली कोण या महिन्यात तपासणीला आली नाही, ही यादी त्याला वरून मिळत नाही. आकडा गोळा करणाऱ्याच्या हाती त्याचा पहिला लाभ पडला पाहिजे, हा साधा नियम पाळला, तर नोंदीची शुद्धता पर्यवेक्षणाच्या धाकाशिवाय वाढेल.

सारांश, दोन्ही जिल्हा परिषदांनी नव्या जनगणनेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. याद्यांची मासिक ताडणी, माहेरी किंवा फडावर जाणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीची त्या ठिकाणच्या उपकेंद्राला नावानिशी इत्तला, बीदर आणि निजामाबादशी जन्ममृत्यूंच्या नोंदींची देवघेव, आणि जिल्ह्याच्या सरासरीऐवजी किनवट, माहूर, मुखेड, जळकोट असे तालुकावार तक्ते, ही चारही कामे आजच्या कर्मचाऱ्यांकडून आणि आजच्या कायद्यात होण्यासारखी आहेत. ती प्रामाणिकपणे झाली, तर पहिल्या वर्षी कागदावरचे बालमृत्यू वाढतील, कमी वजनाची बालके वाढतील, अल्पवयीन माता वाढतील. त्या वर्षीच्या आढावा बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी हा वाढलेला आकडा यश म्हणून स्वीकारला, तरच दुसऱ्या वर्षीची घट खरी असेल. आणि त्यांनी त्याबद्दल एकाही नर्सबाईंना जाब विचारला, तर २०२७ ची जनगणनाही आपल्याला एक नवा, अधिक मोठा छेद देईल, एवढेच.